आखूड दांड्याची सायकल

धरणगावच्या बाजारात नाना वांगी घ्यायला उकिडवे बसले, की भाजीवाल्या एकमेकींकडे बघून कपाळाला हात लावायच्या. भरिताची हिरवी, पांढुरक्या छटेची वांगी. नाना एक उचलायचे, उन्हात धरायचे, देठाशी अंगठा दाबून बघायचे, कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे आणि परत ठेवायचे. मग दुसरं. अख्खी टोपली अशी त्यांच्या हातांखालून गेली की कुठं एक वांगं पिशवीत पडायचं. कधी तेही नाही. एकदा मी बरोबर होते, तर एक म्हातारी भाजीवाली मला म्हणाली, "मॅडम, तुमना नानाले सांगा, वांगासंगे लगीन नही लावनं शे, भरीत करनं शे." मला हसू आवरेना. नानांनी ऐकलं असणारच, पण ते तोवर पुढच्या टोपलीपाशी जाऊन बसले होते.

नाना माझे घरमालक. मी धुळ्याची. धरणगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घेतल्या म्हणजे काय, नानांनी मलाही वांग्यासारखंच निवडलं. जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मला ओसरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि मी ते कसं पिते हे नाना बघत राहिले. पाणी संपलं तसं म्हणाले, "राह्य." माझ्याआधी आलेल्या एका क्लार्कला त्यांनी परत लावलं होतं. तो बोलता बोलता भिंतीला टेकला, एवढाच त्याचा गुन्हा.

आयुष्यभर त्यांनी जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काम केलं. शेतकरी कापसाची ट्रॉली घेऊन फाटकात उभा राहतो, ग्रेडर ट्रॉलीत खांद्यापर्यंत हात खुपसून खालून मूठभर कापूस काढतो, चिमटीत धरून धागा ओढून बघतो, आणि माल घ्यायचा की नाही ते सांगतो. बोंडातला किडका, पिवळा पडलेला, नीट न उमललेला जो भाग असतो, त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. नाना कवडी शोधण्यात बदनाम होते. सापडली की ते ओरडत नसत, हुज्जत घालत नसत. तो पिवळा तुकडा शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवायचे, "ही देख," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या ट्रॉलीकडे चालू लागायचे. रात्रभर रांगेत उभा राहिलेला माणूस तळहाताकडे बघत तसाच राहायचा. शेतकऱ्यांनी त्यांचं नाव कवडीनाना पाडलं होतं. अर्थात तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर ट्रॉल्या संपल्या, पण हात काही स्वस्थ बसेनात. घरात तयार वस्तू म्हणून येत नसे. मसाला घरी, शेवया घरी. छत्रीसुद्धा त्यांनी कापड एका ठिकाणाहून, काड्या दुसरीकडून आणि मूठ तिसऱ्याच गावाहून आणून जोडून घेतली होती. ती पावसात नीट उघडायची नाही, ही गोष्ट वेगळी. औषधाच्या गोळ्यांचं पाकीट आणलं तर प्रत्येक गोळी उजेडात धरून बघायचे. मी एकदा वैतागून विचारलं, की नाना, कारखान्यात बघूनच भरतात ना? तर म्हणाले, "तयार माल म्हंजे दुसराना डोयाघाई देखेल माल. मना डोया अजून फुटेल नहीत."

आणि अशा माणसाच्या पोटी वैशाली.

वैशाली नानांची एकुलती एक. आई ती शाळेत असतानाच गेली. जन्मतःच तिचा डाव्या खुब्याचा सांधा निखळलेला होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा ती चालायला लागली होती आणि डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड राहिला. डाव्या चपलेला खालून रबराचा जाड ठोकळा लावलेला असायचा, तरी चार बोटांची भर त्यानं पुरती होत नसे. जिन्याखालून ती गेली की एक पाऊल मऊ आणि एक पाऊल ठोक, असा आवाज यायचा. मला तो आवाज आवडायचा, कारण त्याच्या मागून चहा यायचा. नाना मात्र तो आवाज आला की कशात तरी मान घालायचे. ती चपलेचा ठोकळा दुरुस्त करून घ्यायला चांभाराकडे निघाली, की ते आधीच घराबाहेर पडलेले असायचे. बाकी सगळ्या जगातली कवडी काढून दाखवणाऱ्या या माणसानं तिच्या पायाबद्दल अवाक्षर काढलेलं मी कधी ऐकलं नाही.

तिला बघायला आलेले लोक मात्र बोलायचे. त्यातलं एक स्थळ मला विसरता येत नाही. मुलाचा बाप एरंडोलकडचा शेतकरी होता. पोहे झाले, चहा झाला. मग तो वैशालीला म्हणाला, "पोरी, चपला काढीसन तुळसपावत जाय आनि परत ये." ती गेली आणि आली. मी जिन्यात उभी होते, मला नानांचा चेहरा दिसत होता. वैशाली आत गेल्यावर तो माणूस उठला. ताटातली सुपारी त्यानं उचलली, नानांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या तळहातावर ती ठेवून म्हणाला, "पोर गुनी शे नाना. पन कवडी शे."

त्या माणसाची ट्रॉली नानांनी कधी तरी परत लावली होती, हे मला नंतर कळलं. नानांनी मूठ मिटली. पाहुणे गेले, संध्याकाळ झाली, तरी ती मूठ मिटलेलीच होती. शेवटी वैशालीनंच त्यांची बोटं सोडवून सुपारी काढून घेतली आणि डब्यात टाकली. मला त्या शेतकऱ्याचा संताप आला आणि खरं सांगायचं तर नानांचाही आला, कारण ही पद्धत त्यांचीच होती.

वैशालीनं पुन्हा कुणासमोर पोहे घेऊन जायचं नाही असं ठरवलं. बारावीनंतर जळगावला तिनं नर्सिंगचा कोर्स केला होता. त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला तिला अमळनेरच्या एका संस्थेत काम मिळालं. तापीकाठच्या खेड्यांमध्ये घरोघरी जाऊन गरोदर बायकांना भेटायचं, लहान मुलांची वजनं करायची. पगार फार नव्हता, पण राहायला खोली होती. ती खोली तिला हवी होती. कुणी तिला तुळशीपर्यंत चालून दाखव म्हणणार नाही, असं एक दार. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. अट एकच, सायकल यायला पाहिजे. त्या वाड्यावस्त्यांकडे रिक्षा जात नाही, काळ्या मातीच्या बांधावरून जायचं, नाला लागला की सायकल उचलून घ्यायची. संस्थेच्या सगळ्या मुली सायकलवरच फिरायच्या. मुलाखतीत वैशालीनं 'येते' म्हणून सांगितलं होतं. ती कधी सायकलवर बसलीही नव्हती.

"दोन महिने आहेत," ती मला म्हणाली. "दोन महिन्यांत माणूस विमान शिकेल."

त्याच दिवशी जेवताना नानांनी जाहीर केलं, "सायकल मी बनाडस. एकेक भाग देखीसन."

मी विचारलं, "नाना, तुम्ही कधी सायकल चालवलीय?"

"कापूस देखाले कापूस पेरना पडस का?" ते म्हणाले आणि भाकरीचा घास मोडला.

त्यांनी मनात काय आखलं होतं, ते हळूहळू उलगडलं. दुकानातली सायकल आणायची आणि डाव्या पायडलवर ठोकळा बांधायचा, हा मार्ग कुणालाही सुचला असता. मलाही सुचला. नानांना तोच नको होता. ज्याच्या टोकाला पायडल फिरतो, तो सायकलचाच डावा दांडा त्यांना आखूड हवा होता, चार बोटांनी आखूड. म्हणजे वैशाली त्यावर बसेल तेव्हा तिच्या पायाला काही बांधलेलं नसेल, काही लावलेलं नसेल, आणि बघणाऱ्याला दोन्ही पाय सारखे फिरताना दिसतील. हे ऐकून मला गलबलून आलं. या माणसानं इतकी वर्षं मान खाली घालून काय काय बघितलं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

मग त्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या. फ्रेम अमळनेरला मिळाली, बंद पडलेल्या तेलाच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या घरी, मधला दांडा नसलेली, बायकांच्या जुन्या सायकलची. त्यासाठी ते त्या माणसाच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिले. पुढचं चाक धरणारा चिमटा त्यांनी धुळ्याला घेतला. मी माहेरी निघाले होते, ते माझ्याबरोबर आले आणि आग्रा रोडवरच्या दुकानांमध्ये फिरून त्यांनी माझे पाय मोडले. दुकानदार म्हणायचा, आजोबा, सगळे चिमटे एकाच पेटीतले आहेत. नाना म्हणायचे, "बठ्ठा भाऊ एकच मायना ऱ्हातस, पन एक सारखा दुसरा ऱ्हास का?"

चाकाची रिंग जळगावहून आणताना त्यांनी ती एसटीत गळ्यात घालून घेतली. खाली ठेवली तर कुणी पाय देईल म्हणून. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट घ्या. नाना म्हणाले, "गयामा शे, सामान कसं? तुनी शिट्टी सामान शे का?" गाडीतली माणसं हसून हसून लोळली. कंडक्टरही हसला आणि त्यानं तिकीट फाडलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर नानाही हसत होते. वैशालीनं ती रिंग भिंतीला टेकवली, तिला कुंकू लावलं. नानांना एवढं खुशीत मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

ओसरीच्या तुळईला दोर बांधून त्यांनी फ्रेम टांगली. ती रोज थोडी थोडी सायकल होत होती. सायकलच्या तारा त्यांनी एकेक करून दगडावर वाजवून बघितल्या. ज्यांचा आवाज बसका त्या बाजूला. मिस्तरी त्यांनी लावलाच नाही. चाकाचा आऊट, म्हणजे त्याचं वाकडं फिरणं, स्वतः काढायला बसले आणि तो निघेना, तेव्हा चाक सोडून पुन्हा पहिल्यापासून विणलं. एकदा नव्हे. घंटीसाठी जळगावच्या एका दुकानात त्यांनी इतक्या घंट्या वाजवल्या की मालकानं त्यांना हात जोडून बाहेर काढलं. इकडे दसरा येऊन गेला. सायकलला चाकं होती, हँडल होतं, सीट होतं. चालवायला शिकायचं मात्र वैशालीला मिळालं नव्हतं.

ती एका संध्याकाळी माझ्याकडे वर आली. "मॅडम, शाळेतली एखादी सायकल मिळेल का? नाना जळगावला गेलेत." आमच्या शाळेतल्या मुलींना सायकली मिळतात, त्यातली एक मी मागून आणली. डाव्या पायडलवर लाकडाचा ठोकळा ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आम्ही तो करकचून बांधला. मागच्या अंगणात मी कॅरिअर धरलं. ती बसली, कलली, पडली, पुन्हा बसली. मग एकदा मी सोडलेलं तिला कळलंच नाही आणि ती अंगणाच्या टोकापर्यंत एकटी गेली. तिथं उभं राहून तिनं मागं वळून बघितलं. तेवढ्यात नाना दारात आले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. घरातून विळा आणला, सायकलशी वाकले आणि ट्यूबची पट्टी कापली. ठोकळा चुलीत टाकला.

"नाना, माले निस्तं शिकानं शे," वैशाली म्हणाली. "शिकी लेऊ दे. मंग तुमनीच चालाडसू."

"खोटी सायकलवर शिकशी, तं खोटी सवय लागी."

मी मध्ये पडले. "नाना, दिवस कमी राहिलेत. तिची नोकरी जाईल."

नाना माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तो कधीच चढत नसे. "मॅडम, तिना जलमले एक ठोकळा बांधेल शे. आखो एक ठोकळा मना हातघाई बांधाना नही."

वैशालीनं शाळेची सायकल झटकून पुसली आणि भिंतीला लावली. बापाचा शब्द मोडायचा नाही, हे त्या घरात कुणी शिकवलं नव्हतं, ते होतंच. मी सायकल परत नेली आणि पुढं जळत्या ठोकळ्याचा वास मला कितीतरी दिवस आठवत राहिला.

आता फक्त डावा दांडा राहिला होता. लहान मुलांच्या सायकलचा दांडा बरोबर चार बोटं आखूड असतो, हे नानांनीच शोधून काढलं. मग लहान मुलांच्या सायकलींचे दांडे घरात यायला लागले. एकाचं पॉलिश उडालेलं, एक किंचित वाकडा, एकाचं भोक मोठं. ते ओसरीवर ओळीनं पडलेले असायचे आणि प्रत्येकात नानांना काही तरी सापडायचं. सगळे चालण्यासारखे होते. मी विज्ञान शिकवते, मला एवढं कळतं. पण चालण्यासारखं हा शब्द नानांच्या घरात शिवीसारखा होता.

दिवाळी झाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी एक दांडा बसला. रावेरहून आणलेला, जाडसर, चकचकीत. मी आणि वैशाली दोघी धावत ओसरीवर आलो. सायकल दोरावरून खाली उतरली होती. नानांनी डावा पायडल धरून हलवला. कान लावला. पुन्हा हलवला. दांड्याला जी पिन ठोकतात, त्या पिनेपाशी तो केसभर हलत होता. मी हलवून बघितला, मला काहीच जाणवलं नाही.

"नाना, चालेल हे," मी म्हणाले. "आज दिवसभर शिकेल ती. उद्या निदान बसता तरी येईल."

वैशालीनं सीटवर हात ठेवला.

नानांनी हातोडी घेतली आणि पिन ठोकून बाहेर काढली. दांडा सुटून त्यांच्या हातात आला. "ढिला दांडा चढनीवर निसटस. आठ दिन थांबी जा म्हना त्यास्ले."

संस्था कशाला थांबेल? दुसऱ्या दिवशी वैशाली सकाळच्या एसटीनं एकटीच अमळनेरला गेली. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी चहा दिला, कागद बघितले आणि म्हणाल्या, आवारात एक चक्कर मारून दाखव, आम्हाला फक्त खात्री करायची असते. संस्थेतल्या एका मुलीची सायकल तिथं उभी होती. वैशाली बसली. उजवा पाय पायडलवर गेला, डावा हवेत राहिला. तिनं चपलेच्या ठोकळ्यानं पायडल शोधायचा प्रयत्न केला, तो निसटला, आणि ती सगळ्यांसमोर सायकलसकट आडवी झाली. बाईंनी तिला उठवलं, जखम धुऊन दिली. मग म्हणाल्या, तू खोटं का सांगितलंस?

हे सगळं तिनं मला सांगितलं, वर माझ्या खोलीत, हळदीची पट्टी गुडघ्याला धरून. रडत नव्हती. "पायाचं काही वाटलं नाही," ती म्हणाली. "खोटं का सांगितलंस म्हणाल्या ना, ते लागलं." मला त्या क्षणी खाली जाऊन नानांच्या त्या सायकलवर दगड घालावासा वाटला. खाली नाना कानस घेऊन पिन घासत बसले होते. तो आवाज वर येत होता. त्यांनी तिला काय झालं म्हणून विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. तिनं भाकऱ्या केल्या आणि त्यांनी खाल्ल्या.

पिन अखेर बसली. सायकल पूर्ण झाली. नानांनी तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि ओसरीवर उभी केली. ती तशीच उभी राहिली. हार सुकला. नाना रोज सकाळी तिला तेलपाणी करायचे, वैशाली तिच्या बाजूनं झाडून घ्यायची, आणि दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे.

थंडीत एका रविवारी मलाच ते असह्य झालं. मी वैशालीला हाताला धरून उठवलं आणि सायकल घेऊन शाळेच्या मैदानावर गेले. चपला काढून ती बसली. मी कॅरिअर धरलं, पण धरायची गरज फार वेळ पडली नाही. ती सायकल तिच्यासाठीच जन्मली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत हँडल डगमगलं, मग सरळ झालं, आणि ती मैदानाच्या कडेनं पूर्ण गोल फिरली. लांबून बघताना तिचे दोन्ही पाय सारखे होते. खरंच सारखे. मी तिला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. अनोळखी माणसाला कळलंही नसतं की या मुलीत काही कमी आहे. नानांना नेमकं हेच हवं होतं आणि त्यांनी ते करून दाखवलं होतं, फक्त ज्या दिवसासाठी करायचं होतं तो दिवस निघून गेला होता.

फाटकापाशी नाना उभे होते. आमच्या मागून कधी आले कुणास ठाऊक. ती समोरून गेली तेव्हा त्यांची मान तिच्याबरोबर फिरत होती, पण ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. डाव्या दांड्याकडे बघत होते. "आते बराबर शे," असं म्हणून ते घरी निघून गेले.

त्या उन्हाळ्यात वैशालीनं रावेरकडचं एक स्थळ मान्य केलं. बिजवर होता, वयानं मोठा, केळीची थोडी शेती. त्यानं तिला चालून दाखव म्हटलं नाही, एवढंच कारण तिनं मला सांगितलं. लग्नानंतर भांड्यांबरोबर सायकलही टेम्पोत चढली. नानांनी ती स्वतः बांधली, दांड्याखाली जुनं धोतर घातलं, धक्का लागू नये म्हणून.

पुढं माझी बदली जळगावला झाली. दोन-तीन वर्षांनी परीक्षेच्या कामाला रावेरला गेले, तेव्हा वाट वाकडी करून तिच्या घरी गेले. वैशाली जाडसर झाली होती. तिचा नवरा साधा, हसतमुख माणूस. माझ्यासाठी केळीचा घड काढून ठेवला, पाटावर बसवलं. सायकल गोठ्याशी उभी होती, मागं केळीची सुकलेली पानं बांधलेली. मी सहज डाव्या बाजूला बघितलं आणि दोन्ही दांडे सारखे होते.

तो माझी नजर बघून उत्साहानं बोलायला लागला. "मॅडम, ही सायकल आली तवा एक दांडा आखूड व्हता. कोन्या मिस्तरीनं नानाले फसोलं पाहा. एवढे बारीक पाह्यनारे नाना, पन त्याह्यच्या नजरेतून सुटलं. मंग मी सावद्याले नेली अन् नवा दांडा टाकून आनला. नानाले सांगू नका बरं, त्याह्यले वाईट वाटीन."

मी वैशालीकडे बघितलं. ती लसूण सोलत होती.

तो चहाचं दूध आणायला गेला तेव्हा मी म्हणाले, "तू सांगितलं नाहीस?"

"मी माहेरी गेले होते तेव्हा त्यांनी केलं. परत आले तर दारात उभी करून ठेवली होती, मला दाखवायला. म्हणाले, देख, तुझ्या बापाची सायकल मी नीट केली. मॅडम, त्यांचा चेहरा इतका खुश होता." तिनं खिडकीतून एक लोखंडी तुकडा उचलला आणि लसूण ठेचायला लागली. तो आखूड दांडा होता. पायडलचं भोक तसंच होतं. "आता पाय पोचत नाही. पण तसंही मला कुठं जायचं असतं?"

तिचा ठोकळा फरशीवर वाजत होता, ती चूल आणि ओटा यांच्यामध्ये ये-जा करत होती. मी चहा घेतला. तो कडू लागला असं म्हणणार नाही. चांगला होता, तिच्या हाताचा.

परतताना जळगावला न उतरता तशीच पुढं धरणगावला गेले. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे, शस्त्रक्रिया करून घेत नाहीत, डॉक्टर निवडून सापडत नाही म्हणून. बाजारात ते आता भाजीवालीपुढं पिशवी उघडी धरतात आणि ती देईल ती वांगी घेऊन येतात. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी वैशालीकडून आले म्हटल्यावर त्यांनी तिच्या तब्येतीचं विचारलं, जावयाचं विचारलं, केळीचं विचारलं. मग हात गुडघ्यावर चोळत, ज्यासाठी एवढा वेळ बसले होते ते विचारलं.

"सायकलना डावा दांडा ढिला तं नही व्हयना ना, मॅडम?"

"नाही नाना," मी म्हणाले. "एकदम घट्ट आहे."

त्यांचा चेहरा खुलला. डोळ्यांवर पांढरी साय आली होती, तरी खुलला. "मी सांगेल व्हतं ना," ते म्हणाले. "एकेक देखीसन लेवानं."

मी हो म्हटलं आणि तांब्या उचलून पाणी प्यायले. मी ते कसं पिते हे आता त्यांना दिसत नव्हतं.